मंत्राला पाप लागतं का?

मेलेल्या माणसाला उठवून उभं करणारा मंत्र पुण्याचा की पापाचा? हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही जाणत्या माणसाला घातला, तर तो आधी चार प्रश्न उलटे विचारील. मंत्र म्हटला कुणी, कुणासाठी, कशापायी, आणि उठलेल्या माणसाचं पुढे काय झालं? डन्जन्स अँड ड्रॅगन्स या जगभर खेळल्या जाणाऱ्या कल्पनाखेळाच्या पुस्तकांत मात्र एके काळी या प्रश्नाचं उत्तर छापूनच मिळत असे. मंत्राच्या नावाखाली तो कुठल्या प्रकारचा, किती अंतरावर चालतो, किती वेळ टिकतो ही माहिती असायची आणि तिच्या ओळीतच काही मंत्रांवर ‘दुष्ट’ असा शिक्का असायचा. काहींवर ‘सत्’ असाही असायचा. शिवाय खेळणाऱ्याच्या पात्रावर शिक्का वेगळाच. हा शिक्का मंत्रावरही नसावा आणि माणसावरही नसावा, तो पडावा तर कृतीवर आणि तिच्या परिणामावर, असं माझं म्हणणं आहे. खेळाच्या कर्त्यांना या मुद्द्याकडे सरकायला चाळीस-पन्नास वर्षं लागली. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांशी नातं असलेली नाटकं आणि एक कायदा शेजारी ठेवून पाहिलं, की तिथे पोचण्याची वाट स्पष्ट दिसते.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी 1974 साली तो प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा चालवतो, जग उभं करतो, राक्षसांपासून खानावळवाल्यापर्यंत बाकी सगळ्यांच्या वतीने बोलतो. उरलेल्यांपैकी प्रत्येकाकडे एकेक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी देवाचा पुजारी. आपलं पात्र काय करतं, काय बोलतं हे ज्याचं त्याने ऐन वेळी ठरवायचं; जमलं की फसलं हे फासे सांगतात. लिहिलेली संहिता नसते. मराठी वाचकाला यात परकं वाटण्यासारखं फारसं काही नाही. होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी 1842 साली सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. त्या नाटकांत सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे नेत असे आणि पात्रं आपापल्या जागी उभी राहून त्या प्रसंगाचं गद्य भाषण स्वतःच्या अकलेने, आयत्या वेळी करत. लिखित संवाद जवळजवळ नसत. कथा चालवणारा एक आणि तिच्यात उत्स्फूर्तपणे बोलणारे बाकीचे, ही रचना दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की शिवधनुष्य कोण मोडणार हे सांगलीच्या प्रेक्षकाला आधीच माहीत होतं आणि टेबलाभोवती बसलेल्यांना ते फासा पडेपर्यंत माहीत नसतं.

आता शिक्क्याकडे येऊ. भाव्यांच्या आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या मंडळ्यांमध्ये नटांची वाटणी ठरलेली असे: राजापार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. राक्षसपार्टीचा नट रंगवलेल्या चेहऱ्याने, राळेचा भपकारा उडवत, तलवार परजत आणि आरोळ्या ठोकत रंगभूमीवर यायचा; त्या आरोळ्यांवरूनच या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ हे नाव पडलं. ही वाटणी नटाच्या अंगकाठीची, आवाजाची आणि वेशाची होती. कोण कुठल्या बाजूने प्रवेश करणार आणि कुणाशी लढणार, हे तिच्यावरून कळायचं. कल्पनाखेळातल्या वर्गवारीचा उगमही असाच निव्वळ व्यावहारिक आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा युद्धखेळ 1971 साली आला. त्याच्या पुरवणीत काल्पनिक प्राण्यांचे तीन रकाने होते: सुव्यवस्थेच्या बाजूचे, तटस्थ आणि अनागोंदीच्या बाजूचे. चांगले आणि वाईट यांच्यात ठाम रेघ मारणं शक्य नाही, हे रकाने फक्त फौजा कशा मांडाव्यात याच्या सोयीसाठी आहेत, असा खुलासा तिथेच केलेला होता. सुव्यवस्था विरुद्ध अनागोंदी ही जोडी पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक या कादंबरीकारांच्या कथांतून आली होती. 1974 च्या पुस्तकात तेच रकाने पात्रांसाठी वापरले गेले. तिथेही ऑर्क नावाचे रानटी लोक तटस्थांच्या रकान्यात होते आणि अनागोंदीच्या रकान्यातही होते. म्हणजे आरंभी ही फौजेची यादी होती. कुणाच्या अंतःकरणाचा पंचनामा करण्याचा तिचा हेतू नव्हता.

पुढच्या काही वर्षांत तिचा पंचनामा झाला. सुव्यवस्था-अनागोंदी या आडव्या रेघेला सज्जन-दुष्ट ही उभी रेघ जोडली गेली आणि 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात नऊ घरांचा तक्ता पक्का झाला. नियम पाळणारा सज्जन, नियमांची पर्वा नसलेला सज्जन, नियमांवर बोट ठेवून छळणारा दुष्ट, असे नऊ स्वभाव. हा तक्ता अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 1907 सालचं ‘कीचकवध’ त्यावर मांडून पाहता येतं. अज्ञातवासाची अट पाळणारा युधिष्ठिर आणि द्रौपदीचा अपमान सहन न होऊन ती अट धोक्यात घालणारा भीम हे दोघेही सज्जनच; त्यांच्यातलं अंतर नियमाच्या रेघेवरचं आहे. प्रेक्षकांनी युधिष्ठिरात मवाळ, भीमात जहाल आणि कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला. सरकारनेही ओळखला आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. भांडण कशावरून आहे हे दाखवायला तक्ता कामाचा, यात शंका नाही. पण भीमाने कीचकाला मारलं ते बरोबर की चूक, हे तक्त्यातलं घर वाचून ठरत नाही. त्यासाठी त्या रात्री काय घडलं आणि त्याआधी विराटाच्या भरसभेत काय घडू दिलं गेलं, हेच पाहावं लागतं. 1979 च्या सूत्रधार-पुस्तकात मात्र पात्र आपल्या घराबाहेर वागलं तर त्याची कमावलेली एक पायरी कापावी, अशी शिक्षा आली. वर्णन करणारा तक्ता वागण्यावर पहारा देऊ लागला.

मंत्रांच्या बाबतीत हा प्रवास अधिक विचित्र झाला, आणि माझ्या मते खरा मुद्दा तिथेच आहे. 1974 च्या पहिल्या पुस्तकात पुजाऱ्यांचे बरेच मंत्र उलटे करता येत. जखम भरून आणणारा मंत्र उलटा केला की जखम करी. मेलेल्याला उठवणारा उलटा केला की जिवंताला मारी. या मारक मंत्राविषयी तिथे मोठी शहाणी तरतूद होती: सज्जन पुजाऱ्याने तो जिवावर बेतलं असताना वापरला तर चालेल, गैरवापर केला तर मात्र तो तत्काळ दुष्टांच्या बाजूचा पुजारी होईल. म्हणजे मंत्र तोच. प्रसंग आणि वापर पाहून निवाडा. पुढे 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हा विवेक काढून थेट मंत्रांच्या नावांवर शिक्के मारले. सज्जन देवाच्या पुजाऱ्याला ‘दुष्ट’ शिक्क्याचा मंत्र म्हणताच येणार नाही, असा नियम झाला. आणि शिक्के कसे पडले ते पाहा. समोरच्या तीस फुटांतलं कोण मरणाच्या किती जवळ आहे, हे सांगणारा एक साधा मंत्र आहे. अपघातानंतर कुणाला आधी हात लावायचा हे ठरवणाऱ्या डॉक्टरला याहून उपयोगी मंत्र सापडणार नाही. 2003 च्या सुधारित पुस्तकात त्याच्यावर ‘दुष्ट’ शिक्का आहे, कारण तो मृत्यूशी संबंधित आणि काळवंडलेल्या शक्तीतून आलेला. उलट, दुसऱ्याचं मन ताब्यात घेऊन त्याला आपला मित्र समजायला लावणाऱ्या मंत्रावर शिक्का नाही. दुसऱ्याला दिवसेंदिवस कळसूत्री बाहुलीसारखं चालवणाऱ्या मंत्रावरही नाही. मरणाचं नाव निघालं की दुष्ट, आणि माणसाची इच्छाच हिरावून घेतली तरी स्वच्छ! शिक्का मंत्राच्या उगमावर मारला की निकाल असा उफराटा लागतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. काही मंत्र मुळातच वाईट असतात, असं म्हणणारे प्रेताला चालतं करणाऱ्या मंत्राचं उदाहरण देतात. त्या हाडांचा गुलाम करून पूर आलेल्या गावासाठी बांध घालून घेतला, तरी ते कृत्य किळसवाणंच नाही का? आहे. पण ते का आहे, याची कारणं मोजायला बसलं की प्रत्येक कारण कृतीचं निघतं. त्या मृताची संमती नव्हती. त्याच्या घरच्यांनी मृतदेहाला शेवटचा निरोप दिला होता, तो मोडला. आणि खेळाच्या नियमांप्रमाणे मांत्रिकाचा ताबा सुटला, तर तो सापळा दिसेल त्या जिवंत माणसावर धावतो. ही तिन्ही कारणं एखाद्या प्रसंगी नसतील असं समजा. म्हाताऱ्या योद्ध्याने मरताना स्वतःच सांगून ठेवलं असेल, की माझी हाडं गावाच्या वेशीवर उभी करा. मग त्याच मंत्राविषयी आपलं मन बदलतं. शिक्का खरा असता तर बदललं नसतं. आपल्याकडच्या तंत्रग्रंथांनी मंत्रप्रयोगांची जी सहा कर्मं सांगितली, शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण, ती सगळी परिणामावरून पाडलेली आहेत: रोग शमवणं, वश करणं, अडवून धरणं, दोघांत वैर लावणं, घरादारातून उठवणं, मारणं. त्या ग्रंथांचा दावा खरा मानण्याचं काहीच कारण नाही; पण वर्गवारी म्हणून ती आठ शाळांत मंत्र वाटणाऱ्या खेळाच्या पुस्तकांपेक्षा नैतिकदृष्ट्या जास्त बोलकी आहे. खेळाच्या जुन्या पुस्तकांत जखम भरणारा मंत्र आणि प्रेत उठवणारा मंत्र एकाच, मृत्यूविद्येच्या शाळेत बसवलेले होते. नंतर जखम भरणाऱ्या मंत्राची शाळा आवृत्तीगणिक बदलत गेली. मंत्राचा परिणाम तोच राहिला, त्याची जात तेवढी फिरत राहिली.

संजीवनी विद्येची कथा इथे नीट वाचायला हवी, कारण माझ्या माहितीत या प्रश्नाचा इतका बारीक विचार दुसऱ्या कुठल्या कथेत नाही. महाभारताच्या आदिपर्वात ती येते. खाडिलकरांनी 1913 मध्ये तिच्यावर ‘विद्याहरण’ लिहिलं आणि सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी 1959 च्या ‘ययाति’त तिच्यातल्या कचाला मोठं काम दिलं. विद्या आहे शुक्राचार्यांकडे, म्हणजे असुरांच्या गोटात. युद्धात पडलेले असुर ते उठवतात. देवांचे गुरू बृहस्पती यांना ती येत नाही. म्हणून बृहस्पतीचा मुलगा कच शिष्य म्हणून शुक्राकडे येतो, हेतू विद्या मिळवून नेण्याचा. दानवांना हे कळतं. ते त्याला रानात गुरं राखताना मारतात आणि तुकडे करून लांडग्यांना घालतात. संध्याकाळी गाई गुराख्याशिवाय परत येतात, आणि त्यावरून शुक्राच्या मुलीला, देवयानीला, शंका येते. बापाने मंत्र म्हणताच कच लांडग्यांची शरीरं फाडून बाहेर येतो. पुन्हा मारतात, पुन्हा उठतो. तिसऱ्या वेळी दानव त्याला जाळतात, राख मद्यात कालवतात आणि ते मद्य शुक्रालाच पाजतात. आता मंत्र म्हटला तर कच गुरूचं पोट फाडून बाहेर येणार. शुक्र पोटातल्या कचालाच विद्या शिकवतो. कच बाहेर येतो, गुरू मरतो, आणि शिष्य नुकत्याच शिकलेल्या मंत्राने गुरूला उठवतो. एवढ्या एका प्रसंगात तोच मंत्र असुरांच्या गुरूच्या तोंडी आहे आणि देवांच्या हेराच्या तोंडीही आहे. हेराला त्या क्षणी निघून जाता आलं असतं. विद्या हाती आली होती, शत्रूचा गुरू मरून पडला होता. कच निघून गेला असता तर मंत्र दुष्ट झाला नसता. कच झाला असता.

आणि शुक्राचार्य पुढे जे करतात तेही पाहण्यासारखं आहे. आपण शिष्याची राख पिऊन बसलो, याचा दोष ते विद्येला देत नाहीत आणि कचाच्या देवकुळालाही देत नाहीत. ते बोट ठेवतात मद्यावर, म्हणजे ज्या कृतीने आपलं भान गेलं तिच्यावर, आणि ब्राह्मणांना मद्यपान वर्ज्य ठरवतात. खाडिलकरांच्या नाटकाचा सगळा झोत याच मद्यपानावर आहे. मग देवयानीचा शाप. कचाने लग्नाला नकार दिला म्हणून ती म्हणते, ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला तर फळेल. मंत्र चालणं-न चालणं हे इथे म्हणणाऱ्याच्या जातकुळीवर अवलंबून नाही. दोन माणसांमध्ये काय घडलं, कुणी कुणाचं मन मोडलं, यावर आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या पुस्तकात शुक्राचार्य आले असते तर त्यांच्या नावापुढे ‘दुष्ट’ पडलं असतं, मग कच त्यांचा शिष्य होऊच शकला नसता, आणि ही कथा पहिल्या पानावर संपली असती. शिक्का आधी मारला की गोष्ट मरते, हा माझा आक्षेप नैतिक आहे तितकाच कलेचाही आहे.

असुर हा शब्द आला की रकाना ठरला, असंही महाराष्ट्राने कधी मानलेलं नाही. वामनाने पाताळात घातलेला बळी असुरांचा राजा; पण बलिप्रतिपदेला घरोघरी ओवाळताना इडापिडा जाऊन त्याचंच राज्य यावं असं मागणं असतं, आणि महात्मा फुल्यांनी त्याच राजाला शेतकऱ्यांच्या न्यायाचं प्रतीक केलं. शिवारात शेंदूर फासलेला म्हसोबा राखण करतो. त्याचं नातं दा. ध. कोसंबींनी महिषासुराशी जोडलं आहे. देवीने मारलेला राक्षस आणि शेताचा राखणदार एकाच गावात सुखाने नांदतात. गावाला त्यात विसंगती वाटत नाही, कारण हिशेब ‘तो कोण’ याचा नसून ‘तो आपल्यासाठी काय करतो’ याचा आहे.

आता साताऱ्याकडे वळू, कारण तिथे हा प्रश्न खेळातून आणि पुराणातून निघून जिवंत माणसांच्या अंगाला भिडतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती त्यांनी 1989 मध्ये स्थापन केली आणि जादूटोणाविरोधी कायद्यासाठी पुढे जवळपास दोन दशकं झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. विरोधकांचा आरोप होता, की हा कायदा श्रद्धेवर घाला घालतो. कायद्याचा मजकूर वाचला की उलट दिसतं. अंधश्रद्धा म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नाही. कुठला मंत्र चांगला आणि कुठला वाईट, याची यादी नाही. अनुसूचीत बारा कलमं आहेत आणि ती कृत्यांची आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, गुप्तधनासाठी नरबळी देणं किंवा त्याला उत्तेजन देणं, चमत्काराच्या थापा मारून लोकांना फसवणं आणि पैसे उकळणं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करत बसणं हा गुन्हा आहे. नीट पाहिलं तर यातला गुन्हा ‘रोखणं’ हा आहे. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, भजन यांना कायद्याने हात लावलेला नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

याच अनुसूचीतल्या एका कलमाकडे खेळाच्या कर्त्यांनी पाहायला हवं होतं. अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते, अपशकुनी आहे, सैतान आहे असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं, हा कायद्याने गुन्हा आहे. माणसावर ‘दुष्ट’ हा शिक्का मारणं हेच इथे अपराधाच्या यादीत आलं. त्यामागे अनुभव आहे. असा शिक्का बहुधा विधवेवर, एकट्या म्हातारीवर, जमिनीच्या वादात दुबळ्या बाजूला असलेल्यावर पडतो, आणि एकदा पडला की पुढची मारहाण न्याय्य वाटू लागते. कृती तपासायची गरज संपते, हाच शिक्क्याचा सगळ्यांत घातक गुण. अमेरिकेत 1980 च्या दशकात खुद्द या खेळावरच सैतानपूजेचा शिक्का पडला. मुलाच्या आत्महत्येनंतर एका आईने खेळाविरुद्ध संघटना काढली, दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या, आणि 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकांनी नरकातल्या प्राण्यांची नावं बदलून टाकली. टेबलाभोवती बसलेली मुलं काय करतात हे पाहण्याची तसदी आरोप करणाऱ्यांपैकी थोड्यांनीच घेतली. ज्यांनी हे सोसलं त्यांनीच पुढे मंत्रांवर छापील शिक्के मारावेत, याचं मला वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, कायदा आणि खेळ यांची सांगड घालणं चूक आहे: खेळात मंत्र खरोखर चालतो, साताऱ्यात चालत नाही. फरक मोठा आहे, मान्य. पण तो माझ्या बाजूचा आहे. मंत्र चालतच नाही अशा जगात मंत्र म्हणणाऱ्याला फक्त फसवणुकीसाठी किंवा मारहाणीसाठी धरता येतं. मंत्र चालतो अशा जगात त्याच्या हाती प्रत्यक्ष सत्ता असते, आणि सत्ता असलेल्या माणसाची कृती तपासणं अधिकच गरजेचं होतं. पोलिसाच्या हातातली काठी दुष्ट की सुष्ट, असा प्रश्न आपण विचारत नाही. दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांकडून येतो. दिवसभर धूसर नैतिकतेत वावरून आलेल्या माणसाला संध्याकाळी दोन तास सरळ सरळ राक्षस मारायचे असतील, तर त्याचा आनंद का हिरावता? हिरावू नयेच. भाव्यांच्या प्रेक्षकांनाही राळेच्या भपकाऱ्यातून येणारा राक्षस हवाच होता. पण त्या राक्षसाला ओळखायला वेश आणि आरोळी पुरत होती, आणि त्याचा राग येई तो त्याने समोर जे केलं त्यामुळे. गाव जाळणाऱ्या टोळीशी लढताना खेळणाऱ्याला शिक्क्याची गरज पडत नाही. जळतं गाव पुरतं. शिक्का लागतो तो गाव जळालेलं नसताना टोळीला मारायचं असेल तेव्हा. तिसऱ्या आवृत्तीतल्या धर्मयोद्ध्याला दुष्टपणा हुंगण्याची शक्ती हवी तेव्हा वापरता येई. बाजारात एखाद्या दुकानदाराकडे पाहिलं, ‘दुष्ट’ निघाला, की चौकशी संपली. चोरी कुणी केली, साक्ष कुणाची, कारण काय, हा सगळा रसाळ भाग त्या शक्तीने गिळला.

खेळाच्या कर्त्यांच्या हे ध्यानात आलं, असं पुढच्या आवृत्त्यांवरून वाटतं, जरी त्यांची पावलं सरळ पडली नाहीत. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने नऊची पाच घरं केली आणि ‘कुठल्याच बाजूचा नाही’ असं एक घर त्यात ठेवलं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने मंत्रांवरचे शिक्के काढले. दुष्टपणा हुंगणारा मंत्र नावाने राहिला, पण तो आता स्वभाव सांगत नाही. जवळपास देवदूत, नरकवासी, प्रेतयोनीतलं असं कुणी आहे का, एवढंच सांगतो. बाजारातला दुकानदार त्याच्यातून सुटला. प्रेत उठवण्याविषयी मात्र हे पुस्तक म्हणतं, की ते सत्कृत्य नव्हे आणि असे मंत्र वारंवार वापरतात ते दुष्टच. हे विधान मला पूर्ण पटत नाही, तरी ‘वारंवार वापरणं’ हा निकष कृतीचा आहे, ही प्रगतीच. 2020 मध्ये प्रकाशकांनी जाहीर केलं, की ऑर्क आणि ड्राव या खेळातल्या काल्पनिक जमातींना यापुढे सरसकट दुष्ट म्हणून रंगवलं जाणार नाही. पाथफाइंडर या भावंड-खेळाने 2023 च्या नव्या पुस्तकांत नऊ घरांचा तक्ताच काढून टाकला. उरली ती प्रत्येक देवाची दोन कलमं: भक्ताने काय करावं आणि काय कदापि करू नये. पुजाऱ्याने निषिद्ध कृत्य केलं तर देव रुसतो. कृत्य काय होतं ते टेबलावरच्या सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे वाद घालायला आधार असतो.

सगळ्यांत मोठी सुधारणा मला मन ताब्यात घेणाऱ्या त्या मंत्रात दिसते, जो पूर्वी स्वच्छ म्हणून सुटला होता. 2014 च्या पुस्तकातही त्याच्यावर शिक्का नाही. पण त्याच्या वर्णनाला शेवटी एक छोटं वाक्य जोडलेलं आहे: मंत्राचा अंमल उतरला, की आपल्यावर हा प्रयोग कुणी केला होता हे त्या व्यक्तीला कळतं. पहारेकऱ्याला तासाभरासाठी मित्र बनवून दरवाजा उघडून घेणाऱ्या मांत्रिकाला पुढे त्याच गावातून परत जायचं असतं. पहारेकरी शुद्धीवर आलेला असतो, त्याला नाव माहीत असतं, चेहरा माहीत असतो. तो वरिष्ठांकडे जातो, बाजारात बोलतो, सूड धरतो किंवा क्षमा करतो. कथा चालवणाऱ्याला त्याच्या वतीने बोलावं लागतं, आणि मांत्रिकाच्या खेळाडूला उत्तर द्यावं लागतं.